सगळ्या टक्क्यांची सरासरी म्हणजे ग्रेड नव्हे

दर सेमिस्टरला हेच ऐकू येतं, की सगळ्या परीक्षांच्या टक्क्यांची बेरीज करायची, जेवढ्या परीक्षा तेवढ्याने भागायचं, झाली ग्रेड. नाही होत असं! प्रत्येक भागाला वेटेज (म्हणजे एकूण निकालातला वाटा) सारखं असेल तरच हे जमतं, आणि तसं फार कमी कोर्समध्ये असतं.

समजा असाइनमेंटला 20 टक्के वेटेज आहे, मिडटर्मला 30 आणि फायनलला 50. तुम्हाला मिळाले अनुक्रमे 95, 80 आणि 60 टक्के. साधी सरासरी येते 78 च्या वर, पण खरा हिशोब असा, 95 चे 20 टक्के म्हणजे 19, 80 चे 30 टक्के म्हणजे 24, 60 चे 50 टक्के म्हणजे 30, एकूण 73. पाच मार्कांचा फरक, आणि तेवढ्यात ग्रेड खाली येऊ शकते.

फायनलच्या आधी तर जास्त गोंधळ होतो. तेव्हा हातात 19 आणि 24 मिळून 43 असतात पण 50 पैकी, म्हणून पोर्टलवर 86 टक्के दिसू शकतात आणि मुलं निवांत होतात, अरे पण अर्धा कोर्स अजून बाकी आहे ना.

शेवटी 75 हवेत? 75 मधून 43 वजा करा, उरले 32, त्याला 0.50 ने भागा. फायनलमध्ये 64 टक्के लागतील. हा आकडा परीक्षेच्या आधीच काढा, प्लीज. वेटेज सिलॅबसमध्ये दिलेलं असतं, नसेल तर सरांना किंवा मॅडमना सरळ विचारा.