ले गिन्योल आणि उत्तेजक सेवन

ले गिन्योल हा फ्रान्समधील कॅनाल प्लस वाहिनीवर १९८८ ते २०१८ या काळात चाललेला, बाहुल्यांनी सादर केलेला उपहासात्मक बातम्यांचा कार्यक्रम. ज्या गिन्योलवरून हे नाव आले ती मूळची ल्यों शहरातील हातबाहुली. लॉरां मुर्गे याने ती १८०८ च्या सुमारास घडवली, असे सामान्यतः मानतात. राजकारण्यांबरोबर खेळाडूही कार्यक्रमाच्या तावडीत सापडत. व्यावसायिक सायकलपटूंच्या उत्तेजक सेवनावरील त्याची टीका विशेष गाजली.

८ जुलै १९९८ रोजी, टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या तोंडावर, फेस्टिना या सायकल संघाचा मालिशकार विली व्हूट बेल्जियमच्या सीमेवर एरिथ्रोपोएटिन (ईपीओ), वाढ-संप्रेरक इ. औषधांच्या साठ्यासह पकडला गेला. १७ जुलैला संघाची स्पर्धेतून हकालपट्टी झाली. हे प्रकरण सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी उघडकीस आणले, प्रयोगशाळेने नव्हे. ईपीओ हे मुख्यतः मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची निर्मिती वाढवते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढल्याने घाटातील चढण सोपी होते. बाहेरून टोचलेले ईपीओ लघवीत ओळखण्याची मान्य पद्धत तेव्हा नव्हती. शातने-मालाब्री येथील प्रयोगशाळेची पद्धत २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी १९९७ पासून रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक आढळल्यास स्पर्धकाला थांबवीत. मर्यादेच्या आत राहून औषध घेणारा मात्र सहज निसटे. त्यामुळे ‘चाचणीत मी कधी सापडलो नाही’ हा खेळाडूंचा बचाव खरा असूनही पोकळ होता. कार्यक्रमाने नेमके यावरच बोट ठेवले.

फेस्टिना संघाचा लाडका घाटवीर रिशार विरांक याची बाहुली डोक्यात सुया खुपसलेली, भोळसट चेहऱ्याची दाखवीत. ‘माझ्या राजीखुशीने, पण माझ्या नकळत’ अशा अर्थाचे ‘आ लँस्यू द मों प्लँ ग्रे’ हे विसंगत वाक्य तिच्या तोंडी गाजले आणि ढोंगी नकाराची खूण म्हणून फ्रेंच बोलीत रुळले. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ते विरांकचेच उद्गार असल्याचे अनेक ठिकाणी सांगितले जाते. कार्यक्रमाच्या लेखकांनी त्याच्या खुलाशांतून ते रचले, असे दुसरे मत आहे. वाक्याची घडीव विनोदी रचना पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ऑक्टोबर २००० मध्ये लील येथील न्यायालयात विरांकने उत्तेजक सेवनाची कबुली दिली. म्हणजे बाहुली दोन वर्षे जे सुचवत होती ते खरे ठरले.

स्पॅनिश टेनिसपटू राफाएल नदालच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. ६ फेब्रुवारी २०१२ रोजी क्रीडा लवाद न्यायालयाने स्पॅनिश सायकलपटू आल्बेर्तो काँतादोरला क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाच्या प्रकरणी दोन वर्षांच्या बंदीची शिक्षा दिली व त्याचे २०१० चे टूर विजेतेपद काढून घेतले. लगोलग कार्यक्रमात नदालची बाहुली मोटारीच्या टाकीत लघवी करते, गाडी सुसाट सुटते आणि पोलीस तिला अडवतात, असा प्रसंग आला. स्पॅनिश खेळाडू योगायोगाने जिंकत नाहीत, अशी पुस्तीही जोडली होती. स्पेनमध्ये संताप उसळला. तेथील टेनिस महासंघाने आपल्या बोधचिन्हाच्या वापराबद्दल दाव्याचा इशारा दिला. एका देशबांधवावरील निकाल टेनिसपटूच्या माथी मारणे हा उपहास नसून सरसकट आरोप होता. नदाल कोणत्याही उत्तेजक चाचणीत दोषी आढळलेला नाही. फ्रान्सच्या माजी क्रीडामंत्री रोझलीन बाशलो यांनी २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवर त्याच्यावर असाच आरोप केला, तेव्हा त्याने बदनामीचा खटला भरला. २०१७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना १०,००० युरो नुकसानभरपाई देण्यास सांगितले.