विमानाची भूस्थित कंपन चाचणी

नव्या अथवा रचनेत मोठा बदल केलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी, ते जमिनीवर असताना त्याच्या संपूर्ण सांगाड्याची नैसर्गिक कंपने मोजण्याची चाचणी. व्यवहारात ‘जीव्हीटी’ (ग्राउंड व्हायब्रेशन टेस्ट) या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. ‘भूकंपन चाचणी’ हा समास सुटसुटीत असला, तरी भूकंपाशी गल्लत होत असल्याने तो टाळणे बरे.

या चाचणीची गरज ‘फ्लटर’मुळे निर्माण झाली. हवेचा भार, सांगाड्याची लवचीकता आणि वस्तुमानाचे जडत्व यांच्या मेळातून पंख वा शेपूट स्वतःहून थरथरू लागते. ही थरथर वाढत गेल्यास विमान क्षणार्धात मोडू शकते. फ्लटरचे पहिले उदाहरण कोणते, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक अमेरिकी विमानसंशोधक लँगली यांच्या १९०३ मधील विमानाच्या अपघातापासून सुरुवात करतात. तथापि त्यात पंख पिळवटून मोडला असे मानले, तरी ती स्थितिक अस्थिरता (भाराखाली एकाच दिशेने वाढत जाणारा पीळ) होय, कंपन नव्हे. शिवाय विमान हवेत सोडणाऱ्या यंत्रणेत अडकल्याने विमान कोसळल्याचेही सांगितले जाते. त्यामुळे १९१६ मधील हँडली पेज बॉम्बफेकी विमानाचे उदाहरण अधिक ग्राह्य वाटते. त्याची डावी व उजवी उच्चालक पाती (विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटावरील हलती पाती) एकमेकांशी जोडलेली नव्हती. ती उलटसुलट हलत आणि विमानाचा मागचा भाग पिळवटत असे. ब्रिटिश अभियंते लँचेस्टर यांनी पाती मजबूत नळीने जोडण्याचा उपाय सुचविला. ब्रिटिश संशोधक बेअरस्टो व फेज यांनी या फ्लटरची गणिती मांडणी केली. जर्मनीत संशोधक फॉन श्लिपे यांनी १९३५ च्या सुमारास उड्डाणातील अनुस्पंदन चाचणी (उडत्या विमानाला मुद्दाम कंपित करून प्रतिसाद मोजणे) मांडली. जमिनीवरील मापनही साधारण याच काळात रूढ झाले असावे.

चाचणीत विमान मऊ रबरी दोरांवर, हवेच्या स्प्रिंगांवर किंवा हवा कमी केलेल्या चाकांवर ठेवतात, म्हणजे आधारावरचे डोलणे सांगाड्याच्या सर्वांत कमी कंप्रतेच्याही (दर सेकंदाच्या कंपनसंख्येच्याही) बरेच खाली राहते. विद्युत्-गतिकीय कंपक लावून प्रवेगमापकांनी प्रतिसाद नोंदवितात. जुन्या पद्धतीत अनेक कंपकांचे बल जुळवून एकच कंपनरीत (सांगाडा ज्या ठरावीक आकारात कंप पावतो तो प्रकार) शुद्ध स्वरूपात मिळवितात. ती मिळाली की प्रतिसादाचे विस्थापन बलाच्या ९०° मागे राहते. नव्या पद्धतीत अनेक रीती एकत्र उत्तेजित करून गणिताने वेगळ्या काढतात. ही पद्धत वेगवान असली, तरी जवळजवळच्या कंप्रता व अरेखीय वर्तन (प्रतिसाद बलाच्या प्रमाणात न राहणे) यांसाठी पहिलीच अधिक विश्वसनीय ठरते. एअरबस कंपनीच्या ए३८० या प्रवासी विमानासाठी दोन्हींचा मेळ घालण्यात आला. त्याचे पहिले उड्डाण २७ एप्रिल २००५ रोजी झाले.

या चाचणीत हवेचा भार नसतो, म्हणून फ्लटर होणार नाही हे तिच्यातून थेट सिद्ध होत नाही. मोजलेल्या कंप्रता, रीती व संदमन (कंपन विरत जाण्याचे प्रमाण) यांवरून संगणकीय प्रतिकृती दुरुस्त करतात आणि तिच्या आधारे उड्डाण-चाचणीतील वेगाचे टप्पे ठरवितात.

भारतात हे काम मुख्यतः बंगळूरु येथील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये विकसित झाले.