तणनियंत्रण, सुगंधी पिकांतील (गोवा)

बाष्पशील तेलासाठी लावलेल्या पिकांतील तणांची वाढ रोखण्याच्या व तणे काढण्याच्या पद्धती. गोव्याच्या मोरड जमिनीत, म्हणजे जांभ्याच्या उतारांवर, गवती चहा, सिट्रोनेला व वाळा ही पिके घेता येतात. पाच (पॅचौली) ही वनस्पती सावली सोसत असल्याने ती कुळागरात (सुपारीच्या मिश्र बागेत) पोफळींखालीही येते.

धान्यपिकांतले तण पाणी व अन्नद्रव्ये खाते. येथे ते पिकाबरोबर कापले जाऊन ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातही पोचते. ओसाडी, रानतुळस, घाणेरी व रानमोडी यांच्या पानांत स्वतःचे बाष्पशील तेल असते आणि ते वाफेबरोबर उतरून मुख्य तेलाचा वास बिघडवते. गवती चहाच्या तेलाची प्रत त्यातील सिट्राल या सुवासिक घटकावर (साधारणतः ७० ते ८५ टक्के) ठरत असल्याने ही मिसळ उत्पादनातील घटीइतकीच महत्त्वाची मानावी लागते.

यांपैकी रानमोडी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून ती भारतात कशी आली याविषयी मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी आणली गेली, असे एक मत आहे. जहाजांच्या नीरमातून (जहाज स्थिर राहावे म्हणून भरलेल्या भारातून) तिचे बी आग्नेय आशियात उतरले व तेथून ती आसामकडे सरकली, असे दुसरे. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र पुढील प्रसाराला दोन्ही वाटांनी हातभार लागला असणे शक्य आहे. काजूप्रमाणे तीही पोर्तुगिजांनीच गोव्यात आणली, या समजुतीस आधार दिसत नाही. देशातील तिचा प्रसार पूर्वेकडून पश्चिमेकडे झाला असून पश्चिम किनाऱ्यावर ती बहुधा विसाव्या शतकात फोफावली.

गवती चहाचे ठोंब पावसाच्या आरंभी लावतात व पहिले तीन-चार महिने शेत तणमुक्त ठेवावे लागते. गोव्याचा सुमारे ३,००० मिमी. पाऊस बहुतांशी याच काळात पडतो, त्यामुळे उतारावर खोल खणणी केल्यास माती वाहून जाते; तण हाताने उपटणे किंवा वरवर खुरपणे इष्ट. लव्हाळ्याचे कंद मात्र खणूनच काढावे लागतात. रानमोडी फुलण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबरच्या आत, मुळासकट काढावी, कारण तिचे केसाळ बी वाऱ्याने पसरते. कापणी जमिनीपासून १० ते १५ सेंमी. वर करतात, ओसाडीची निळसर फुलांची रोपे नेमकी ठोंबाच्या फुटव्यांत उगवतात व कोयत्याच्या मुठीत पातीबरोबर सापडतात, म्हणून ती आधी वेचून घेतात. तेल काढल्यावर उरलेला चोथा ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरतात. डायुरॉन व ऑक्झिफ्लुओरफेन ही तणनाशके गवती चहावरील प्रयोगांत उपयुक्त ठरली आहेत. मिश्र पिकांच्या कुळागरात ती टाळणे बरे.

वाळ्याचे तेल मुळांत असल्याने त्यात तणाच्या पाल्याची मिसळ होत नाही व ठोंब दाटल्यावर बेणणीही (तण काढणेही) फारशी लागत नाही.