आखीव ड्रोन-उड्डाण : पुणे परिसर

कॅमेरा असलेल्या ड्रोनने कुठून कुठे जायचे, किती उंचीवरून आणि किती वेगाने, तोंड कुठे ठेवायचे, फोटो कुठे घ्यायचा, हे सगळे आधी नकाशावर ठरवून ते उड्डाण ड्रोनकडून आपोआप करवून घेण्याची पद्धत. चालक मंडळी अशा उड्डाणाला ‘मिशन’ म्हणतात आणि मार्गावरच्या ठरवलेल्या प्रत्येक बिंदूला ‘वेपॉइंट’. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे ॲप असतेच. पण मिशनसाठी पुष्कळदा बाहेरच्या विकासकाने बनवलेले ॲप वापरले जाते, कारण कंपनीच्या ॲपमध्ये ही सोय अनेक मॉडेलांना दिलेलीच नसते किंवा अगदी जुजबी असते. पुणे जिल्ह्यात या कामाला दोन गोष्टी वेगळे वळण देतात. एक म्हणजे सह्याद्रीची चढउताराची जमीन आणि दुसरी म्हणजे शहराभोवती पसरलेले लष्करी हवाई क्षेत्र. दोन्हींचा विचार घरी, संगणकासमोर बसूनच करावा लागतो. ड्रोन वर गेल्यावर त्याला वेळ उरत नाही.

ॲप आणि त्यांची घराणी : डीजेआय या चिनी कंपनीने आपल्या ड्रोनवर बाहेरच्यांना ॲप लिहिता यावे म्हणून विकासकांसाठी सॉफ्टवेअर-साधनांचा संच खुला केला आणि त्यातून लिची, ड्रोनलिंक, ड्रोनडिप्लॉय, पिक्सफोरडी कॅप्चर अशी ॲप उभी राहिली. चित्रीकरण करणाऱ्यांचा ओढा लिचीकडे अधिक. त्यात एका मिशनमध्ये ९९ वेपॉइंट ठेवता येतात, ब्राउझरमध्ये घरबसल्या मार्ग आखता येतो, आणि कॅमेऱ्याची नजर एखाद्या बुरुजावर किंवा देवळाच्या कळसावर खिळवून ड्रोन त्याभोवती फिरवता येतो. ड्रोनडिप्लॉय आणि पिक्सफोरडी ही मोजणीची ॲप. त्यांत नकाशावर चौकोन काढला की शेत नांगरल्यासारख्या समांतर ओळी आपोआप पडतात. दुसरे घराणे मुक्त सॉफ्टवेअरचे. लोरेन्झ मायर यांनी २००९ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात असताना मॅव्हलिंक ही ड्रोन आणि जमिनीवरचा संगणक यांच्यातल्या संवादाची पद्धत तयार केली. मिशन प्लॅनर आणि क्यूग्राउंडकंट्रोल ही सॉफ्टवेअरे तीच भाषा बोलतात. सुटे भाग जुळवून बनवलेल्या ड्रोनवर बहुधा यांपैकीच काहीतरी चालते.

मिशन राहते कुठे : मिशन ड्रोनच्या आत राहते की हातातल्या मोबाइलमध्ये, हा नव्या माणसाने पहिल्यांदा विचारायचा प्रश्न आहे. फँटम ४, मॅव्हिक प्रो, मॅव्हिक २ अशा जुन्या मॉडेलांत सगळे वेपॉइंट उड्डाणाआधी ड्रोनमध्ये चढवले जातात. मग डोंगराआड गेल्यावर रिमोटचा सिग्नल तुटला, तरी ड्रोन ठरल्या मार्गाने पुढे जात राहू शकतो. मॅव्हिक मिनी, मिनी २, एअर २ अशा मॉडेलांना मात्र कंपनीने ही सोय बाहेरच्या ॲपसाठी ठेवलेली नाही. तिथे ॲप जणू स्वतःच रिमोटच्या काड्या हलवत असते, म्हणजे दर क्षणी मोबाइलवरून ‘पुढे जा, डावीकडे वळ’ असे हुकूम जात असतात. सिग्नल तुटला की हुकूम थांबतात, मिशन तिथेच मोडते आणि ड्रोन परतीची वाट धरतो. फोनवर मधेच कॉल आला किंवा उन्हात फोन तापून बंद पडला, तरी तेच. कागदावर दोन्ही मिशने सारखीच दिसतात, पण भोर किंवा वेल्ह्याच्या खिंडीत त्यांची गत पूर्ण वेगळी होते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या ड्रोनसाठी मार्ग आखताना उड्डाणाच्या जागेवरून प्रत्येक वेपॉइंट सरळ नजरेला दिसतो का, हे आधी पाहावे.

डीजेआयच्या काही नव्या मॉडेलांत कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येच वेपॉइंटची सोय आली आहे. मात्र ती वापरायला ड्रोन प्रत्यक्ष त्या जागी न्यावा लागतो किंवा मोबाइलच्या छोट्या नकाशावर बोट टेकवत बसावे लागते. त्यावर चालकांनी काढलेली युक्ती आता चांगली रुळली आहे. ॲपमध्ये एक नाममात्र मिशन साठवायचे, बाहेरच्या नियोजकात नीट आखलेल्या मिशनची केएमझी, म्हणजे नकाशावरचे बिंदू आणि मार्ग साठवणारी, फाइल बनवायची, आणि रिमोटच्या किंवा फोनच्या मेमरीत त्या नाममात्र मिशनच्या जागी ती ठेवायची.

उंची : इथे सगळ्यांत जास्त घोटाळे होतात, आणि पुणे जिल्ह्यात तर ते फार महागात पडतात. ॲपमध्ये वेपॉइंटची उंची ‘६० मीटर’ लिहिली, की ती बहुतेक वेळा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. वेपॉइंटखालच्या जमिनीपासून नव्हे आणि समुद्रसपाटीपासूनही नव्हे. ड्रोन ही उंची हवेच्या दाबावरून ओळखतो आणि त्याच्या लेखी उड्डाणाची जागा म्हणजे शून्य. सपाट माळावर याने काही बिघडत नाही. पण पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा १,३१२ मीटरवर. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात दर किलोमीटरला जमीन वर-खाली होते. समजा उड्डाण ७०० मीटरवरच्या गावातून झाले आणि मार्गात ८५० मीटर उंचीची डोंगरधार आहे. मग ‘१२० मीटर’ लिहिलेला वेपॉइंट त्या धारेच्या पोटात, माथ्यापासून तीस मीटर खाली पडतो. ॲप तक्रार करत नाही. नकाशावर रेघ सुबक दिसते.

उलट गडाच्या माथ्यावरून उडवले, तर दरीतल्या वेपॉइंटची उंची उणे लिहावी लागते. लिचीत ती उणे २०० पासून अधिक ५०० मीटरपर्यंत देता येते. कड्याच्या खाली उतरून वर पाहणारे चित्रण हवे असेल, तर ही सोय खरोखर मोलाची आहे.

त्यावर उपाय म्हणून ॲपमध्ये ‘जमिनीपासून उंची’ असा पर्याय असतो. तो निवडला की ॲप उंचीच्या आंतरजालीय आकडेवारीवरून प्रत्येक वेपॉइंटचा हिशेब करते. या आकडेवारीचा पाया किती जुना आणि जाड आहे, हे चालकाने समजून घ्यायला हवे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीची उंची मोजली. जगभर सर्रास वापरली जाणारी माहिती त्याच मोजणीची असून तिचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो. त्यात राजगडाचा किंवा तोरण्याचा उभा कडा कड्यासारखा उरत नाही, उतारासारखा पसरतो. कड्याजवळचा आकडा त्यामुळे कित्येक मीटरनी चुकू शकतो. शिवाय सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा, टेकडीवरचे मोबाइल टॉवर, घाटातून आडव्या गेलेल्या उच्चदाबाच्या तारा हे या आकडेवारीत नसतेच. दोन वेपॉइंटमध्ये ॲप सरळ रेघ ओढते, मधल्या उंचवट्याकडे बघत नाही, म्हणून डोंगराळ भागात वेपॉइंट जवळजवळ ठेवावे लागतात. आखलेला मार्ग गूगल अर्थमध्ये उघडून तिरप्या नजरेने एकदा तपासला, की जमिनीत घुसणाऱ्या रेघा तत्काळ दिसतात. पुणे परिसरात या पायरीला फाटा देऊ नये.

परतीच्या उंचीचेही तसेच. सिग्नल गेला किंवा बॅटरी संपत आली, की ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ रेषेत घरच्या बिंदूकडे, म्हणजे जिथून उडाला त्या जागी, येतो. ती उंचीही उड्डाणाच्या जागेपासूनच मोजलेली असते. ड्रोन आणि चालक यांच्यामध्ये डोंगर असेल आणि परतीची उंची डोंगरापेक्षा कमी असेल, तर परतीचा प्रवास डोंगरावरच संपतो. मिशन नीट आखणारेही ही एक नोंद जुन्या आकड्यावर तशीच सोडून देतात.

अडथळे ओळखणाऱ्या संवेदकांवर भिस्त ठेवणे बरोबर नाही. स्वस्त मॉडेलांना समोरचे संवेदक नसतात. जिथे असतात तिथेही ते बारीक तार ओळखत नाहीत. शिवाय कॅमेरा बुरुजाकडे लावून ड्रोन आडवा सरकत असेल, तर त्याचे समोरचे डोळे जायच्या दिशेला नसतातच.

वारा, घारी, मोहोळ : मिशनला लागणारा वेळ ॲप दाखवते, तो वारा धरलेला नसतो. पुण्यात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून जोराचा वारा सुटतो. पूर्वेकडे गेलेला ड्रोन मग वाऱ्याच्या तोंडावर परत येतो आणि परतीलाच बॅटरी अधिक खातो. त्यामुळे जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्यासोबत असा मार्ग आखण्यात शहाणपण आहे. एप्रिल-मेच्या वळवाच्या ढगांखाली मिशन लावूच नये. पावसाळ्यात घाटमाथ्यावर उड्डाण जवळपास अशक्य असते, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यांत शांत असतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या कचरा डेपोच्या आसपास घारींचा मोठा वावर असतो आणि घार ड्रोनवर झेपावते. अशा वेळी रिमोटवरची उड्डाण-मोडची कळ सरकवली, की अनेक मॉडेलांत मिशन सुटते आणि ताबा हातात येतो. ही कृती बोटांच्या सवयीची हवी. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळ लटकलेली असतात. ड्रोन त्यांच्या अंगाशी गेला, तर संकट ड्रोनवर नाही, गडावर आलेल्या माणसांवर येते. कडा जवळून दाखवणारे मिशन आखण्याआधी गडावर चहा-पिठलं विकणाऱ्यांना विचारले, तर मोहोळ कुठे आहे ते नेमके कळते.

शहरातल्या गच्च्यांवरून उडवताना स्लॅबमधल्या सळयांमुळे ड्रोनचे होकायंत्र बिघडते. ही बाब हाताने उडवणाऱ्यालाही जाचते, पण आपोआप चालणाऱ्या मिशनमध्ये दिशा चुकली, की संपूर्ण मार्ग वाकडा जाण्याची भीती असते.

हवाई क्षेत्र आणि परवानग्या : ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार डिजिटल स्काय मंचावर देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटला आहे. हिरव्या भागात ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांवर येते. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनच्या बिगर-व्यावसायिक वापराला वैमानिक प्रमाणपत्राची गरज नाही. लग्नाचे किंवा बांधकामाचे पैसे घेऊन काम करणाऱ्याला मायक्रोसाठीही ते लागते.

पुण्याचा नकाशा उघडला की मोकळी जागा किती थोडी आहे ते समजते. लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, कॅम्पात दक्षिण मुख्यालय, खडकीला दारूगोळा कारखाना, देहूरोडला लष्करी डेपो, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा. सिंहगडावर मिशन आखणाऱ्याच्या उत्तरेलाच प्रबोधिनीचा परिसर येतो. त्याखेरीज पोलीस आयुक्तालय वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढते. गणेशोत्सवात आणि पालखी सोहळ्यात तर ते हमखास असतात, आणि योग्यच आहे. दिवे घाटातून वर चढणाऱ्या पालखीचे आकाशातले दृश्य कितीही देखणे असले, तरी लाखो वारकऱ्यांच्या डोक्यावरून स्वयंचलित यंत्र फिरवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. किल्ल्यांसाठी पुरातत्त्व खात्याची आणि अनेक ठिकाणी वन खात्याची वेगळी परवानगी लागते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड याच जिल्ह्यात आहेत.

बाहेरच्या ॲपला यांतले काही माहीत नसते. ॲपने मिशन अडवले नाही याचा अर्थ कायद्याने मोकळीक आहे असा होत नाही.

उपयोग : आखीव उड्डाणाचे खरे बळ पुनरावृत्तीत आहे. एकदा साठवलेले मिशन मे महिन्यात उडवले आणि पावसाने उघडीप दिलेल्या एखाद्या सप्टेंबरच्या सकाळी पुन्हा उडवले, तर त्याच चौकटीत करपलेला आणि हिरवा डोंगर एकावर एक बसतो. टेकडीवरची झाडतोड, ओढ्यावरचे अतिक्रमण, बांधकामाची प्रगती नोंदवायला याहून प्रामाणिक साधन क्वचितच सापडेल, कारण कोन बदलून चित्र सोयीचे करण्याची मुभा त्यात उरत नाही. टेकड्या वाचवू पाहणाऱ्या पुणेकरांनी परवानगी असलेल्या भागात हे साधन हाती घ्यायला हवे.

मोजणीत फोटो एकमेकांवर चढावे लागतात, पुढच्या दिशेने साधारण ७० ते ८० टक्के आणि बाजूच्या ओळीवर ६० ते ७० टक्के. फँटम ४ प्रोसारख्या कॅमेऱ्याने १०० मीटरवरून घेतलेल्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर सुमारे २.७ सेंटिमीटरचा येतो, आणि उंची निम्मी केली की तोही निम्मा होतो. फोटो जोडून नकाशा बनवायला ओपनड्रोनमॅप हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. गावठाण मोजणीतही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याआधीच महाराष्ट्रात जमाबंदी आयुक्तालय आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी या गावी, मल्हारगडाच्या पायथ्याशी, ड्रोनने गावठाण मोजण्याचा पथदर्शी प्रयोग केला होता. घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, वरून समांतर ओळींत फोटो घ्यायचे आणि त्यांवरून मिळकत पत्रिका तयार करायची, असे हे काम चालते. तिथली यंत्रे आणि सॉफ्टवेअर व्यावसायिक दर्जाची असतात. मोबाइल ॲपवरच्या मिशनने काढलेला नकाशा शेताचा अंदाज घ्यायला उत्तम, पण त्यावर बांधाचा वाद सोडवू नये.

सद्यःस्थिती : ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना अपवाद असून सुटे भाग आणता येतात. त्यामुळे बाहेरच्या ॲपवर चालणारी डीजेआयची जुनी मॉडेले हातोहात फिरतात आणि त्यांचे वय वाढत चालले आहे. ॲप विकासकांचे लक्ष नव्या संचाकडे वळले असून जुन्या मॉडेलांसाठीची ॲप नव्या फोनवर नीट चालतीलच असे नाही. म्हणून बरेच चालक मिशनसाठी एक जुना फोन तसाच, अपडेट न करता, राखून ठेवतात. भारतीय बनावटीच्या ड्रोनसोबत बहुधा उत्पादकाचेच जमिनीवरचे सॉफ्टवेअर येते. त्यांतले जे मॅव्हलिंकवर आधारलेले आहेत, त्यांना क्यूग्राउंडकंट्रोलमधून मिशन देता येते.