वॉलपेपर फिरायला लागण्याआधी

आवडते फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे, विंडोजच्या पर्सनलायझेशन सेटिंगमध्ये वॉलपेपरसाठी ‘स्लाइडशो’ निवडून तो फोल्डर दाखवायचा आणि चित्र किती वेळाने बदलायचं ते ठरवायचं. दोन मिनिटांचं काम. पण विंडोजमध्ये ही सोय यायला २००९ साल उजाडलं.

सुरुवातीची अडचण मेमरीची होती. १९८४च्या मॅकिंटॉशवर डेस्कटॉपची पार्श्वभूमी म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ८ बाय ८ची चौकट. अवघ्या ८ बाइटमध्ये मावणारी. तीच फरशीसारखी शेजारीशेजारी बसवून सगळी स्क्रीन भरली जायची. १९९०च्या विंडोज ३.०मध्ये बीएमपी (चित्राची साधी) फाइल वॉलपेपर म्हणून लावता येऊ लागली, पण तिथेही लहानसं चित्र टाइलसारखं पसरवण्याकडेच कल. त्यात सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. ६४० बाय ४८०चं, २५६ रंगांचं चित्र ३०० केबी खातं, आणि तेव्हा कित्येक मशीनची सगळी मेमरीच एक-दोन एमबी असायची.

मेमरी स्वस्त झाली तरी सेटिंग तेच राहिलं : वॉलपेपर म्हणजे एका फाइलचा पत्ता. २००१च्या विंडोज एक्सपीवर आधीपासून लावलेली ती हिरवी टेकडी सगळ्यांना पाठ झाली (चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला तो खराखुरा फोटो आहे). गंमत म्हणजे फोल्डरमधले फोटो फिरवणं एक्सपीला येत होतं, पण ते स्क्रीनसेव्हरमध्ये. म्हणजे काम करताना समोर टेकडी, आणि आपण उठून गेलो की मागे आपले फोटो फिरणार! ही उणीव बाहेरच्या छोट्या प्रोग्रामांनी भरून काढली. ते घड्याळाजवळच्या कोपऱ्यात बसून राहायचे आणि दर थोड्या वेळाने विंडोजला नव्या फाइलचा पत्ता द्यायचे. बस्स, एवढीच युक्ती.

मॅक आणि लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपमध्ये वॉलपेपर फिरवायची सोय विंडोजच्या बरीच आधी आली. लिनक्सवरच्याच ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने वेगळी वाट धरली. तिथे एक्सएमएल या ठरावीक साच्याच्या मजकूर-फाइलमध्ये प्रत्येक चित्राचा पत्ता आणि ते किती सेकंद दाखवायचं हे लिहायचं. २००७च्या फेडोरा ८ या लिनक्सच्या आवृत्तीत दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा वॉलपेपर आला. दिसायला देखणं, पण फोल्डरमध्ये नवा फोटो टाकला तर त्या एक्सएमएलला त्याचा पत्ताही नसतो.

ऑक्टोबर २००९मध्ये विंडोज ७ आलं आणि हे काम, माझ्या मते, सगळ्यात नीट तिथेच झालं. फोल्डर दाखवला की आतले सगळे फोटो छोट्या चौकटींत मांडले जायचे आणि नको त्यावरची खूण काढता यायची. वेळ १० सेकंदांपासून एका दिवसापर्यंत. शफल (फोटो उलटसुलट क्रमाने दाखवणं) होतं, लॅपटॉप बॅटरीवर असताना फिरणं थांबवायची सोय होती, आणि राइट-क्लिकमध्ये ‘नेक्स्ट डेस्कटॉप बॅकग्राउंड’ होतं. (त्याच विंडोज ७च्या स्टार्टर आवृत्तीत मात्र साधा वॉलपेपरही बदलता येत नसे.) या सगळ्याची नोंद थीमच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या सजावटीच्या, फाइलमध्ये व्हायची. ती नोटपॅडमध्ये उघडली की ‘स्लाइडशो’ या मथळ्याखाली फोल्डरचा पत्ता, शफलसाठी ० किंवा १, आणि ‘इंटरव्हल’समोर १८००००० असा आकडा. हा म्हणजे मिलिसेकंदांतला अर्धा तास.

विंडोज १०मध्ये हे पान नव्या सेटिंग्जमध्ये गेलं आणि जाताजाता बारीक झालं. किमान वेळ १० सेकंदांवरून १ मिनिटावर आली. फोल्डरला सुरुवातीला ‘अल्बम’ म्हटलं गेलं, त्यामुळे आपला फोल्डर नेमका कुठे द्यायचा हेच कळेना. फोटोंवरच्या खुणाही त्या पानावरून गेल्या. राइट-क्लिकमधलं ‘नेक्स्ट’ टिकलं आहे, पण त्याने नावडता फोटो तेवढ्यापुरता पुढे सरकतो. कायमचा घालवायचा तर फाइलच त्या फोल्डरमधून उचलून दुसरीकडे ठेवावी लागते.