पताका, पदक आणि मानपत्र : नटाच्या सन्मानाची पूर्वपीठिका

५ नोव्हेंबर जवळ आला की नाटकवाल्यांचे कान सांगलीकडे लागतात. यंदाचं विष्णुदास भावे गौरवपदक कुणाला? नाव जाहीर होतं, आणि अनेकदा ते पडद्यामुळे घरोघर पोचलेलं असतं. रोहिणी हट्टंगडी, मोहन आगाशे, विक्रम गोखले, प्रशांत दामले. मग कुणीतरी विचारतंच, ‘हे तर सिनेमातले, मालिकेतले. यांना नाटकाचं पदक कसं?’ प्रश्न भाबडा आहे, पण उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. नटाचा सन्मान कुणी करायचा, कशाबद्दल करायचा आणि मुळात कधी करायचा, याची आपल्याकडे दोन हजार वर्षांची घासाघीस आहे.

सुरुवात भरताच्या नाट्यशास्त्रापासूनच करावी लागते. पहिल्याच अध्यायात, पहिला प्रयोग झाल्यावर खूश झालेले देव भरतपुत्रांना, म्हणजे त्या प्रयोगातल्या नटांना, एकेक वस्तू देतात. इंद्र आपला ध्वज देतो, ब्रह्मा विदूषकाची वाकडी काठी देतो, वरुण झारी, सूर्य छत्र, वायू पंखा. नीट पाहिलं तर ही सगळी रंगभूमीवर लागणारी सामग्रीच आहे. शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवायचं त्यात काही नाही. माझ्या मते इतकं अक्कलहुशारीनं दिलेलं बक्षीस नटाला नंतर क्वचितच मिळालं असेल.

खरी मौज आहे ती सिद्धीच्या अध्यायात, सत्ताविसाव्यात. प्रयोग किती जमला हे कसं ओळखायचं, याची तिथे रीतसर पद्धत घालून दिलेली आहे. प्रेक्षक हसले, ‘साधु’ म्हणाले, अंगावर काटा आला, जागेवरून उठले, अंगावरची वस्त्रं नटांकडे फेकली, तर ती मानुषी सिद्धी. आणि प्रेक्षागृह भरलेलं असून आवाज नाही, चुळबुळ नाही, उत्पात नाही, तर ती दैवी. टाळ्यांपेक्षा शांततेला वरचा नंबर! निवाडा करायला दहा प्राश्निक सांगितले आहेत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदांचा जाणकार, व्याकरणी, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. पात्राचं उभं राहणं धनुर्धरानं पाहायचं, वेशभूषा चित्रकारानं, शृंगाराचे उपचार गणिकेनं, सूर-ताल गायकानं. गुण आणि दोष टिपायला लेखक-गणक बसवायचे. जो सरस ठरेल त्याला पताका. दोघे तुल्यबळ निघाले तर राजाने ठरवावं, आणि त्यालाही फरक दिसला नाही तर दोघांना पताका द्यावी. परीक्षक मंडळात गणिकेला आणि तिरंदाजाला बसवण्याचं धाडस पुढे कुठल्या संस्थेनं केल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यातली एक अट सहज नजरेतून सुटते. पताका एका प्रयोगाची होती. परीक्षकांनी तो डोळ्यांनी पाहिलेला असे आणि निकाल तिथल्या तिथे लागे. नाटकाच्या पुरस्कारांचा पुढचा सगळा इतिहास ही अट हळूहळू सुटत जाण्याचा आहे.

मराठी रंगभूमीची सुरुवात राजाच्या सांगण्यावरून झाली. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि तसं काही मराठीत करावं, असं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सुचवलं. ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीता स्वयंवर’ झालं. तेव्हाचा सन्मान म्हणजे बिदागी आणि राजाश्रय. १८५१मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय आटला, आणि भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव जायला सुरुवात केली. १८५३मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. राजाच्या जागी आता तिकीट काढणारा प्रेक्षक आला होता, आणि नटाची किंमतही तोच ठरवणार होता.

हा नवा धनी संगीत नाटकांच्या काळात चांगलाच सैल हातानं देणारा निघाला. त्याचा पहिला सन्मान म्हणजे ‘वन्समोअर’. तो हक्कानं मागितला जाई, आणि गाणारा नट तो नाकारत नसे. दुसरा म्हणजे पदक. मध्यंतरात एखादे शेठ किंवा संस्थानिक रंगमंचावर येत आणि अमुक भूमिकेबद्दल सुवर्णपदक जाहीर करत. ही पदकं कोटाच्या छातीवर लावून नटमंडळी फोटो काढून घेत. त्या काळातल्या छायाचित्रांत पदकांचं ओझं वागवणारे नट दिसतात. तिसरा सन्मान पदवीचा. नटवर्य, नटश्रेष्ठ, संगीतसूर्य. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाला लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं आणि मूळ नाव लोक जवळजवळ विसरलेच. केशवराव भोसल्यांच्या आधी ‘संगीतसूर्य’ लावलं नाही तर आजही कोल्हापूरकराला चुकल्यासारखं वाटतं.

इथे थोडं आडवळण. राज्यघटनेच्या १८व्या कलमानं सरकारी किताब बंद केले. पद्म पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, पण ते नावापुढे-मागे पदवीसारखे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये स्पष्ट केलं. रंगभूमीवर मात्र ‘नटवर्य’ निमंत्रणपत्रिकेवर बिनदिक्कत छापला जातो. राजानं दिलेला किताब कायद्यानं गेला, पिटातल्या प्रेक्षकानं दिलेला टिकला.

१९०५मध्ये पहिलं नाट्यसंमेलन दादासाहेब खापर्ड्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत भरलं आणि बिरादरीचा म्हणून एक मान तयार झाला, संमेलनाध्यक्षपदाचा. रंगभूमीच्या शताब्दीला, १९४३मध्ये, संमेलन सांगलीत झालं, अध्यक्ष स्वातंत्र्यवीर सावरकर. भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आणि पुढे गौरवपदक उभं राहिलं ते त्याच शताब्दीच्या उत्साहातून. अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समिती हे पदक देते आणि पहिलं पदक बालगंधर्वांना गेलं. सोबतची रक्कम अलीकडच्या वर्षांत २५ हजार. मालिकेतला मोठा नट एवढे पैसे किती वेळात मिळवतो याचा हिशेब मांडायचं कारण नाही. ‘सांगलीचं पदक’ म्हणताना नटांचा आवाज बदलतो, तो त्या पैशांसाठी नव्हे.

स्वातंत्र्यानंतर राजाची जागा सरकारनं घेतली. २८ जानेवारी १९५३ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं आणि नटाच्या हातात थेट राष्ट्राचा सन्मान आला. बालगंधर्वांना तो १९५५मध्ये मिळाला. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. त्यांच्या शकुंतला, सिंधू, भामिनी या भूमिका भरात होत्या तो काळ तीन-चार दशकं मागे पडला होता. सन्मान करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते ऐन बहरातले बालगंधर्व वडिलांच्या तोंडूनच ऐकलेले असणार.

पुरस्काराचं स्वरूप पालटलं ते इथे. पताका प्रयोगाला होती, मध्यंतरातलं पदक भूमिकेला होतं. आता जे दिलं जाऊ लागलं ते हयातीला. नाटकाच्या बाबतीत दुसरा इलाज तरी काय होता? चित्रपट परीक्षकांना पुन्हा लावून दाखवता येतो. पडदा पडल्यावर प्रयोगाचं काही उरत नाही. उरतात ते पाहणारे, आणि त्यांचंही वय होत जातं. साक्षीदारांच्या आठवणीवर निवाडा करायचा झाला की तो एका संध्याकाळचा राहत नाही, आपोआप चाळीस वर्षांचा होतो. चिंतामणराव कोल्हटकरांना ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९५८चा. रंगमंचावर विरून गेलं त्यातलं काही कागदावर उतरलं, म्हणून साहित्यवाल्यांनाही नटाचा सत्कार करता आला.

आता सिनेमाकडे. १९५४मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, पण त्यांत अभिनयाला वैयक्तिक पुरस्कारच नव्हता. तो आला १९६७च्या चित्रपटांपासून, उत्तमकुमार आणि नर्गिस यांना. तोवर सरकारी पातळीवर अभिनयाची दखल घेणारी जागा म्हणजे संगीत नाटक अकादमी. पृथ्वीराज कपूर, दुर्गा खोटे, अशोककुमार यांची नावं त्या यादीत आहेत ती अशी. गंमत म्हणजे चित्रपटातल्या अभिनेत्यासाठी जो पुरस्कार सुरू झाला, त्याला नाव दिलं ‘भरत’, आणि अभिनेत्रीच्या पुरस्काराला ‘ऊर्वशी’. पडद्यावरच्या नटाचा गौरव करतानाही हात नाट्यशास्त्राकडेच गेला.

तेव्हा ‘सिनेमातल्या माणसाला नाटकाचं पदक कशाला’ हा प्रश्न उलटाच विचारायला हवा. दुर्गाबाई खोटे १९६१मध्ये दिल्लीच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांचाच. यातल्या कुठल्या दुर्गाबाई खऱ्या? ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळवणाऱ्या रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. २३ डिसेंबर १९७०ला ते ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर म्हणून उभे राहिले आणि नंतर हिंदी पडद्यावर शंभरावर चित्रपटांत दिसले. मराठी नटाची ही वाट जुनी आहे. नाटक पोट भरत नाही म्हणून पडद्यावर जायचं, आणि पडदा मन भरत नाही म्हणून शनिवार-रविवारचे प्रयोग लावायचे. त्याच्या कारकिर्दीच्या मधोमध रेघ ओढून अर्धा नट एका पुरस्काराला आणि अर्धा दुसऱ्याला, असं करता येत नाही. संगीत नाटक अकादमीनं लागूंना २०१०मध्ये आपलं सदस्यत्व दिलं. हा अकादमीचा सर्वोच्च सन्मान, एका वेळी देशभरात हयात असे चाळीसच.

भूमिकेला दिलं जाणारं पदक पूर्णपणे संपलं असं मात्र नाही. १९५४पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत ‘अभिनयाचं रौप्यपदक’ अजून दिलं जातं, तेही हौशी नटाला, आणि परीक्षकांनी समोर बसून पाहिलेल्या प्रयोगासाठी. दुपारची कचेरी करून संध्याकाळी तोंडाला रंग लावणाऱ्यांची ही स्पर्धा. परीक्षक दिवसामागून दिवस नाटकं पाहतात, बरी-वाईट सगळी, मांडीवर गुणपत्रिका घेऊन. लेखक-गणकांची परंपरा कुठे जिवंत असेल तर ती तिथे, पंख्याच्या घरघरीत. या पदकानं अनेकांना व्यावसायिक रंगभूमीचं दार उघडून दिलं. साठीतले नामवंतही ओळख करून देताना त्याचा उल्लेख गाळू देत नाहीत, हे मी पाहिलं आहे. एका सत्कारात निवेदकानं पद्मश्रीपासून सगळी यादी वाचली. सत्कारमूर्ती माईकपाशी आले आणि म्हणाले, ‘एक राहिलं. रौप्यपदक.’

राज्य सरकारनं पुढे प्रभाकर पणशीकरांच्या नावानं रंगभूमीचा आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावानं संगीत रंगभूमीचा जीवनगौरव पुरस्कार ठेवला. वाहिन्यांचे सोहळे आले, नामांकनं आली, लाल गालिचे आले. त्यांत वावगं काही नाही. फक्त नेपथ्यकाराचं पारितोषिक जाहिरातीच्या वेळेत उरकतं, एवढीच तक्रार. महाराष्ट्र भूषण २०२३साठी अशोक सराफांना मिळाला, रक्कम २५ लाख. त्याच सरकारची वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना १९५४-५५पासूनची. तिथला आकडा पाच हजार महिन्याचा, आणि त्यासाठी कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याचं काम हवेत विरतं, त्यानं पुरावा कुठला आणायचा? जुनी जाहिरात, हस्तपत्रक, पिवळं पडलेलं कात्रण. गौरव आणि मानधन ही दोन टोकं एकाच कार्यालयातून हलतात, म्हणून ती शेजारी ठेवून पाहावीत.

उशिराची बोच अकादमीलाही जाणवली असावी. २००६मध्ये तिनं चाळिशीच्या आतल्या कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार सुरू केला. उलट बाजूनं, २०२३मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना एकाच वेळी ‘अमृत पुरस्कार’ दिले. एका दिवसात ८४ म्हणजे थकबाकीच.

खाजगी पुरस्कारांत ‘तन्वीर सन्मान’ वेगळा उठून दिसतो. लागू दाम्पत्यानं आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं तो २००४मध्ये सुरू केला. इब्राहिम अल्काझी, विजया मेहता, नसीरुद्दीन शाह ही त्यातली काही नावं. राजा नाही, सरकार नाही, शेठजी नाहीत. नटानं आपल्या मिळकतीतून नाटकवाल्यांचा केलेला हा सत्कार. सोबत प्रायोगिक काम करणाऱ्या तुलनेनं अनोळखी रंगकर्मीलाही त्याच मंचावर पुरस्कार दिला जातो.

आणि ज्यांच्या नावाचं पदक सगळ्यांना हवं असतं त्या विष्णुदास भाव्यांचं? ते १९०१मध्ये गेले. गौरवपदक, अकादमी, संमेलन यांतलं काहीही तेव्हा नव्हतं. नाटकाआधी सीता स्वयंवराचा खेळ करण्यासाठी त्यांनी लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. त्या पुढे बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या पाध्ये कुटुंबाच्या हाती आल्या आणि त्यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. भाव्यांच्या कामातलं हातात धरून पाहता येईल असं काही उरलं असेल, तर त्या बाहुल्या.