घोंगडं घेताय? मग एवढं वाचून घ्या

दुकानात घोंगडं हातात घेतलं की गिऱ्हाईक हमखास दोन गोष्टी विचारतं. हे टोचतं का, आणि बाजारातल्या ब्लँकेटपेक्षा महाग का? दोन्ही उत्तरं बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागच्या माळावर चरणाऱ्या काळ्या मेंढीपाशी आहेत, म्हणून तिच्यापासूनच सांगतो.

ही मेंढी दख्खनी. धनगर तिला बकरीच म्हणतात. अंगानं काटक, चालायला चिवट, लोकर भरड आणि बहुतेक काळी. बेळगाव जिल्ह्याच्या एका टोकाला खानापूर-कणकुंबीचा धो धो पाऊस, दुसऱ्या टोकाला अथणीचं कोरडं रान. पावसाचा आणि चाऱ्याचा अंदाज घेत धनगरांचे आणि कन्नड बोलणाऱ्या कुरुबर मेंढपाळांचे कळप फिरत असतात. सुगी उरकली की शेतकरी आपल्या रानात बकरी बसवून घेतो. सांजेला वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची, रात्रभर कळप आत बसतो, लेंड्या आणि मूत जागेवरच मातीत मुरतं. बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पोत्यातलं खत गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून हा व्यवहार चालू आहे आणि बकरी बसलेल्या रानाचं पीक कसं येतं हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातले गवळी-धनगर म्हशी राखतात, त्यांची तऱ्हा निराळी.

या लोकांचा देव बिरोबा, कुरुबरांचा बीरप्पा. माघ पौर्णिमेला चिंचलीच्या मायाक्काकडे निघालेल्या बैलगाड्या बघा, आप्पाचीवाडीत हालसिद्धनाथाची भाकणूक, म्हणजे पुढच्या काळाचं भाकीत, ऐकायला जमलेली माणसं बघा, नाहीतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली वाट बघा. मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतात आणि घोंगडं दोघांच्याही खांद्यावर असतं. नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांशी लढून फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा याच कुरुबर समाजातला. या मुलखाचा हा वारसा आम्हाला फार मोलाचा वाटतो, आणि आमचा धंदा त्यावरच उभा आहे.

मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. एका कातरणीला एका मेंढीची लोकर अर्धा किलोही भरत नाही, त्यामुळे एका मोठ्या घोंगड्याला आठ-दहा मेंढ्यांची लोकर सहज जाते. ती निवडायची, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं. सुताचं काम बहुतेक घरातल्या वयस्कर बायकाच करतात, आणि असा हात असलेल्या बायका आता कमी उरल्यात. मग ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, उन्हात वाळवायचा आणि खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावर, विणायला घ्यायचं. टोचतं ते भरड लोकरीमुळे, आणि नवेपणी ताठ लागतं ते खळीमुळे. वापरात ते मऊ पडत जातं. कातडी नाजूक असेल किंवा तान्ह्या बाळासाठी हवं असेल तर जावळाचं मागा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीचं. काळा रंग मेंढीचाच असतो, आम्ही रंगवत नाही.

आता किमतीचं. भरड लोकरीला बाजारात भाव राहिला नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून कित्येक धनगर लोकर रानातच टाकून देतात. भाव आहे मटणाला, म्हणून सांगली जिल्ह्यातल्या जतकडची माडग्याळ जातीची मेंढी वाढत चालली आहे, आणि तिच्या अंगावर विणण्याजोगी लोकर जवळजवळ नसते. धनगराला आम्ही बोल लावणार नाही, त्याचं घर त्यावर चालतं. पण दख्खनी मेंढी गेली तर घोंगडंही जाईल. म्हणून लोकरीचे पैसे आम्ही कातरणीच्या जागीच रोख मोजतो आणि सूत काढणाऱ्या बाईला वजनावर पैसे देतो. तुम्ही जास्त मोजता ते इथं पोचतात.

खरं घोंगडं ओळखायचं असेल तर कडेचा एक धागा काढून पेटवा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ होते. आमच्या दुकानात ही पारख खुशाल करा.

वारंवार धुऊ नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के दमटपणा शोषूनही ओली लागत नाही, त्यामुळे चांगलं झटकून ऊन दाखवलं तरी पुष्कळ होतं. धुवायचंच झालं तर गार पाणी आणि रिठे. वॉशिंग मशीन नको, गरम पाणी तर अजिबात नको, लोकर आटते. पावसाळ्यात कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते, तेव्हा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घडी करा आणि उघडीप मिळाली की बाहेर काढा. कड उसवली किंवा भोक पडलं तर टाकू नका, आमच्याकडे आणा, विणकराकडून रफू करून देतो.

पावसात खळ वाळत नाही, त्यामुळे माग बंद असतात. ठरावीक मापाचं हवं असेल तर वैशाखाआधी सांगा. पावसाळा सरता सरता येणाऱ्या पट्टणकोडोलीच्या यात्रेच्या तोंडावर मागितलंत तर जे तयार असेल त्यातूनच निवडावं लागेल.